हळदीच्या चालीवरचं विश्व

माझ्या थोरल्या भावाची वाचा गेली तेव्हा त्याच्याकडे शब्द उरले ते फक्त विश्वाच्या उत्पत्तीचे. पाणी, भूक, दुखतंय, नको, असले रोजच्या वापरातले शब्द गेले आणि कृष्णविवर राहिलं. हे कुणाला सांगितलं की आधी खोटं वाटतं, मग हसू येतं. माझी हरकत नाही, आम्हीही हसलो होतो. फक्त हसून झाल्यावर वहिनी मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

दादा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होता आणि लग्नसराईत बँजो वाजवायचा. बँजो म्हणजे आमच्याकडच्या हळदीतला बँजो. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि भोंग्यातून सगळ्या गल्लीला जागं ठेवायचं. पहिली पाळी संपली की हा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बँजो पार्टीच्या टेम्पोत बसायचा. सायखेड्यापासून त्र्यंबकपर्यंत त्याला बोलावणं असायचं. मी धाकटा. मी अंबडकडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणजे मुलं क्लासमध्ये शिकून येतात आणि मी हजेरी घेतो.

विश्वाचे ते शब्द म्हणजे आमच्या दोघांची गाणी. मी बीएस्सीला होतो तेव्हा घर एका खोलीचं होतं. एका कोपऱ्यात मी मोठ्याने वाचून पाठ करायचो, दुसऱ्या कोपऱ्यात तो बँजोवर नवीन चाल बसवायचा. रोज भांडण. एकदा मी इतका वैतागलो की माझं विश्वाच्या उत्पत्तीचं उत्तर त्याच्याच चालीवर, त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणायला लागलो. त्याच्या हातातून तार छेडायची पट्टी गळून पडली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, आणि त्यातच तो म्हणाला, "आरं, पण हे खरं हाय का? सगळं एका ठिपक्यात व्हतं?"

खरं आहे म्हटलं. मग तो मांडी घालून समोर बसला आणि म्हणाला, "नीट सांग. यमक मी लावतो." त्यातून आमचं पहिलं गाणं झालं:

*नव्हता मांडव, नव्हती वरात,*
*सगळं विश्व एका ठिपक्यात!*
*कुणी न बोलावता, कुणी न सांगता*
*वाजला बार अन् झाली सुरुवात!*

मग गुरुत्वाकर्षणावर झालं, कृष्णविवरावर झालं, लांब लांब पळणाऱ्या दीर्घिकांवर झालं. मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ती म्हणायचो आणि मुलं शिट्ट्या मारायची. दादा हळदीला पाहुणे जेवायला बसले की पार्टीतल्या पोरांना म्हणून दाखवायचा. परीक्षेत याचे मार्क मिळत नसत. पण माझ्या वर्गात त्या दिवसांत शेवटचा बाकसुद्धा जागा असायचा.

दादाचा आणखी एक कायदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हळदीत नाच रंगात आला की तो एखाद्या जोडप्यासमोर येऊन ऐन गाण्यात बँजो थांबवायचा. ढोलकी थांबायची, झांज थांबायची. आता नवऱ्याने उखाणा घेऊन बायकोचं नाव घ्यायचं. घेईपर्यंत बँजो सुरू होणार नाही. माणूस लाजो, घामाघूम होवो, बायका ओरडोत, मुलीचा बाप हात जोडो, दादा हात वर धरून दगडासारखा उभा. नाव आलं की त्याच क्षणाला तारेवर हात पडायचा आणि सगळा मांडव उसळायचा. "शांततेत लय ताकद असती," तो मला सांगायचा. "वाजवणारे पुष्कळ हायेत. थांबायला कुणाला येत नाय."

दुसऱ्यांना असं अडवणाऱ्याने स्वतः मात्र कधी वहिनीचं नाव घेतलं नाही. त्याला अडवणार कोण? बँजो त्याच्याच हातात. घरात तो तिला "अगं" म्हणायचा, आणि त्यात सगळं यायचं. एका "अगं"चा अर्थ चहा, एकाचा अर्थ टॉवेल, एकाचा अर्थ आता पुरे, आई ऐकतेय. वहिनी कुठूनही ओळखायची. "आले हो, दोनच हात हायेत मला," हे तिचं उत्तरही ठरलेलं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच कलंडला. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय फरफटत होता आणि तोंडातून एक शब्द निघत नव्हता. समजत सगळं होतं, तेच वाईट होतं. कुणी चुकीचं बोललं की डोळे वटारायचा, मग तोंड उघडायचा, ओठ हलायचे, मानेच्या शिरा फुगायच्या आणि काहीच नाही. मग तो भिंतीकडे तोंड करायचा. सगळं आयुष्य मी मुलांना सांगत आलो की कारण कळलं की भीती जाते. मला कारण व्यवस्थित कळलं होतं. भीती गेली नाही.

नातेवाइकांनी आपापलं ज्ञान दिलं. कुणी त्र्यंबकला शांती करायला सांगितली, कुणी कबुतराचं रक्त, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. मी सगळ्यांना हो हो म्हटलं आणि दार लावलं. वहिनी मात्र एकच सांगायची. "भाऊजी, मला ह्यांचं भाषण नको. एकदा 'अगं' म्हणू द्या. बास. मंग मी काय मागायची नाय."

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी घरी यायला लागली. ती म्हणाली, "बोलता येत नाही अशी माणसं पुष्कळदा गाऊ शकतात. गाण्याची मेंदूतली वाट थोडी वेगळी असते. त्यांच्या आवडीची गाणी म्हणा त्यांच्याबरोबर. शब्द आपोआप येतील."

आम्हाला वाटलं, सुटलो! ज्याच्या डोक्यात शेकडो गाणी, त्याला काय कमी? वहिनी, मी आणि ती मुलगी, तिघं पलंगाभोवती बसून एकेक जुनं गाणं म्हणायला लागलो. दादा लगेच सुरू झाला. चाल अचूक, जागा अचूक, मधले बँजोचे तुकडेसुद्धा नाकातून अचूक. शब्द मात्र एकही नाही. नुसतं ना ना ना. त्या मुलीला हे विचित्र वाटलं. शेवटी वहिनीच म्हणाली, "मॅडम, ह्यांनी गाणी कधी म्हटलीच नाय. वाजवली." हे मला सुचायला हवं होतं. ती शेकडो गाणी त्याच्या बोटांत होती, तोंडात एकही नव्हतं. आरतीतसुद्धा तो जन्मभर झांज वाजवत आला, शब्द बाकीच्यांनी म्हणायचे. आणि ती बोटं आता पांघरुणावर मेल्यासारखी पडलेली.

त्यानंतर काही दिवस मी नुसता त्याच्याशेजारी बसायचो. एका दुपारी कंटाळून, खरं तर हताश होऊन, मी स्वतःशीच म्हणायला लागलो, नव्हता मांडव, नव्हती वरात. दादाने मान वळवली. तिसऱ्या ओळीला त्याचे ओठ हलले. आणि चौथी ओळ त्याने माझ्या आधी घेतली, स्वच्छ, खणखणीत:

"*वाजला बार अन् झाली सुरुवात!*"

वहिनी कपड्यांची बादली तशीच टाकून धावत आली. मी ओरडत होतो, दादा गात होता, वहिनी देवाला आणि मला आळीपाळीने हात जोडत होती. आम्ही ते गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं. मग दुसरं, मग तिसरं. ती आमचीच गाणी, आणि आयुष्यात त्याने तोंडाने म्हटलेली तेवढीच. संध्याकाळपर्यंत त्याने मला अख्खं विश्व परत केलं.

मी वेड्यासारखा त्याच्या मागे लागलो. रोज कॉलेज सुटलं की अंबडहून सातपूर, आणि गाणी. विसरलेली कडवी आठवून आठवून त्याच्या तोंडात बसवली. त्याचा आवाज ऐकायला मिळतोय ह्या आनंदात मला दुसरं काही दिसत नव्हतं.

थोड्याच दिवसांत दादा ह्या ओळींवर संसार करायला लागला. दुसरे शब्द नव्हतेच. अंथरुणातून उठायचं असलं की "*खाली खाली ओढतंय कोण? पृथ्वीबाई, दुसरं कोण!*" पोट साफ होत नसलं की कृष्णविवराच्या गाण्यातलं "*उजेडसुद्धा बाहेर येईना!*" आणि वारा सरला की "*वाजला बार*", हे मात्र तो मुद्दाम म्हणायचा, डोळे मिचकावून. वहिनीला सगळं पाठ झालं. फोनवर बहिणीला सांगायची, "आज सकाळपासून कृष्णविवर चाललंय गं, इसबगोल दिलंय." मी हसायचो. त्या घरात हसायला दुसरं काही नव्हतं.

मग शेजाऱ्यांपर्यंत बातमी गेली की झटका आल्यापासून ह्याला सृष्टीची उत्पत्ती दिसते. मी समजावून सांगितलं की ही गाणी आम्हीच केलेली आहेत, हळदीच्या चालीवर. कुणी ऐकेना. एक बाई नारळ ठेवून पाया पडून गेली. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीच्या जमलेल्या स्थळाबद्दल विचारायला आले, दादाच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "महाराज, पोरगी देऊ का?" दादाने त्यांच्याकडे बघितलं, मनापासून काही सांगायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं:

*कृष्णविवराच्या घरी गं,*
*पाहुणे गेले चारी गं,*
*उजेडसुद्धा बाहेर येईना,*
*असली कसली सोयरी गं!*

गृहस्थ ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडल्याचं कळलं. मी मुलाकडच्यांची माफी मागायला जाणार होतो, पण काय म्हणून मागणार? फिजिक्सवाला म्हणून? गृहस्थ उठून गेले तेव्हाच दादा उशीवर डोकं आपटत होता. त्याला "मला विचारू नका" एवढंच म्हणायचं होतं, हे मला त्याच्या डोळ्यांतून कळलं. त्या दिवसापासून मला हसू येईनासं झालं.

थेरपिस्ट मुलीने मला बाहेर गॅलरीत नेऊन सांगितलं. "सर, तुम्ही त्यांना विश्व शिकवताय. त्यांना पाणी मागायला शिकवायचंय." गाण्याचा उपयोग शिडीसारखा करायचा असतो, ती म्हणाली. चाल तीच ठेवून हळूहळू शब्द बदलायचे, मग चाल काढून घ्यायची. मी मात्र कडवी वाढवत बसलो होतो. आणि मेंदू सावरतो तो जास्त करून पहिल्या काही महिन्यांत, पुढे वेग कमी होत जातो, हेही तिने सांगितलं. ती वाईट वाटून सांगत होती. तरी मला तिचा राग आला.

मी शब्द बदलायला घेतले. आमच्या विडंबनाचंच विडंबन. "नव्हता मांडव"च्या चालीवर "पाणी दे गं, लागली तहान". दादा ऐकेना. पहिल्या चुकीच्या शब्दालाच थांबायचा, रागाने माझ्याकडे बघायचा आणि मूळ ओळ म्हणायचा. त्याला वाटायचं मी विसरलोय. गाण्याचे शब्द इकडचे तिकडे केलेले त्याला कधीच खपत नसत. मी विनवलं, ओरडलो, एकदा पलंगाच्या कठड्यावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "*वाजला बार अन् झाली सुरुवात.*" समोर पाण्याचा पेला होता आणि त्याचे ओठ कोरडे होते.

आठवडे जात होते. मी कॉलेजात प्रसरण पावणारं विश्व शिकवायचो. सगळं सगळ्यापासून लांब जातंय, आणि जे जितकं लांब ते तितक्या वेगाने जातंय, असं फळ्यावर लिहायचो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघायचं नाही. मुलांना वाटायचं सर दमलेत.

एका रविवारी सकाळी वहिनीचा बांध फुटला. मी नेहमीसारखा सूर धरला आणि ती हातातलं फडकं फेकून म्हणाली, "विश्व गेलं खड्ड्यात, भाऊजी! रात्रंदिवस ह्या घरात तारे अन् ग्रह चालल्यात. मी काय ग्रह हाय का? माझ्याशी बोलायला ह्यांच्याकडं एक शब्द नाय, अन् त्या पृथ्वीबाईला बरं नावानं हाक मारत्यात!" दादा ऐकत होता. त्याने डोळे मिटले. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीचं पीठ मळायला लागली. परातीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

तेवढ्यात समोरच्या इमारतीत हळदीचं वाजायला लागलं. आजकाल सगळीकडे डीजेच असतो, पण ह्यांनी कुठून तरी बँजो पार्टी आणली होती. दादाने डोळे उघडले. थोडा वेळ ऐकलं. मग डावा हात उचलून कपाटाच्या वर बोट दाखवलं. त्याचा बँजो तिथे चादरीत गुंडाळून ठेवला होता. बघून त्याला त्रास होईल म्हणून आम्हीच तो नजरेआड केला होता.

मी खाली काढला, धूळ पुसली, पलंगावर त्याच्या मांडीपुढे ठेवला. डावा हात त्याने बटणांवर ठेवला. उजव्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि पट्टी हातात घेतली. मला बँजो येत नाही. पण तो बटणं दाबणार आणि मी तारा छेडणार, एवढं कळलं.

पहिल्यांदा फार वाईट वाजलं. तारा उतरलेल्या, माझा हात आडमुठा. तो मानेने ताल देत राहिला आणि हळूहळू जमायला लागलं. बाहेरच्या पार्टीची चाल सोडून त्याने आमची घेतली, दीर्घिकांची, आणि वाजवता वाजवता गायला लागला:

*लांब चालली, लांब चालली,*
*दीर्घिका ही लांब चालली!*
*जेवढी लांब, तेवढी घाई,*
*मागं वळून बघत नाही!*

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो आत बघत गात होता. दारातून वहिनीची फक्त पाठ दिसत होती. मला त्या ओळी सहन होईनात. ही गाणी आम्ही दोन पोरांनी हसण्यासाठी केली होती. आणि आता हा माणूस पाठमोऱ्या बायकोला दुसरं काही सांगता येत नाही म्हणून दीर्घिका सांगत होता.

मी हात वर उचलला आणि थांबलो. ऐन ओळीत, तो थांबायचा तसा.

दादाने दचकून माझ्याकडे बघितलं. बटण दाबलं. तार वाजली नाही. पुन्हा दाबलं. मी हात वर धरून बसलो आणि आत, वहिनीच्या पाठीकडे, मानेने खूण केली. कायदा त्याचाच होता. त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी हळदीत शेकडो नवऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं, पण ते लाजत असत. हा घाबरला होता. त्याने गाण्याची ओळ पकडायचा प्रयत्न केला, पण चाल माझ्या हातात अडकलेली होती. ओठ हलले, शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं आपण ह्याचा छळ करतोय, ह्याला पुन्हा झटका येईल, वाजव, वाजव लवकर. मी वाजवलं नाही.

"अगं," दादा म्हणाला.

सूर नव्हता त्याला. साधं, घोगरं, रोजचं.

"आले हो, दोनच हात हायेत मला!" वहिनी आतून वैतागून म्हणाली.

आणि भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला.

ती दारात आली. दोन्ही हात पिठाचे. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मी बोललो की काय म्हणून. मग त्याच्याकडे. "काय हवंय?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज फुटला. दादाने तोंड उघडलं. शोधलं. काही नव्हतं. त्याने डाव्या हाताने एक बटण दाबलं आणि माझ्या हाताकडे डोळ्यांनी दटावलं. शब्द आला की वाजवायचं, हा कायदा मी मोडत होतो. मी तारेवर हात टाकला, रडत, बेसूर, आणि तो पुन्हा गायला लागला, लांब चालली, लांब चालली.

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. वहिनी पलंगाच्या कडेला बसली, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून. तिने एक कडवं पूर्ण ऐकून घेतलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "थांबा ना परत."